निंबाईच्या मंगळवाराची आणि रद्द झालेल्या थांब्याची कहाणी

विषय : निंबाईच्या माळामागील सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी लाल गाडीला थांबा मिळणेबाबत.

संदर्भ : १) समस्त बायांचा अर्ज. २) त्यावर आगाराचं उत्तर. ३) श्री निंबाई, राहणार माळावर, कडुनिंबाखाली.

उपरोक्त विषयास अनुसरून, बायांनो, हातात चार अक्षता घ्या, मोबाइल पालथे ठेवा, आणि ऐका निंबाईची कहाणी.

एक नगर होतं. जुन्या कहाण्यांत ते आटपाट असतं. हे आटपाट होतं की नव्हतं याची मोजणी झालेली नाही, म्हणून नुसतं नगर म्हणू. नगराला राजा नव्हता, सरपंच होती. सरपंच बाई होती, कारभार तिचा नवरा बघत होता, आणि नवऱ्याचा कारभार कुणीच बघत नव्हतं.

त्या नगरात द्वारकाबाई नावाची एक बाई होती. तिला एक मुलगा होता, दिगंबर. तो दूध डेअरीवर कामाला होता आणि घरी आल्यावर बोलण्याची त्याला गरज पडत नसे. एक मुलगी होती, शुभांगी. ती लग्नाची होती. एक सून होती, उज्ज्वला. ती बोलकी होती. द्वारकाबाईनं एक बोलावं, सुनेनं दोन बोलावीत. सकाळी चुलीशी भांडण निघावं, दुपारी त्यानं जरा विसावा घ्यावा, दिवेलागणीला पुन्हा उभं राहावं. असा सुखाचा संसार चालला होता.

मग काय झालं? सून हळूहळू बोलेनाशी झाली. दोनाचं एक झालं, एकाचं अर्धं झालं, मग तेही संपलं. चुलीपुढं बसावी, दूध उतू जावं, तिनं नुसतं बघत राहावं. केस विंचरू नयेत. भाकरी चिवडून ताट सारावं. दुपारी पडावं ते आढ्याकडं डोळे लावून.

द्वारकाबाईनं विचारलं, "काय होतंय?" सून म्हणाली, "काही नाही." मग विचारलं, "कुणी काही बोललं?" सून म्हणाली, "नाही." मग विचारलं, "कुठं दुखतंय?" सून म्हणाली, "कुठंच नाही."

कारण सापडलं असतं तर नगरानं तिला माफ केलं असतं. काही कारण नसताना दुःखी असणं हा नगराला उद्धटपणा वाटत होता.

मग उपाय सुरू झाले. पहिल्यांदा देवऋषी आणला. त्यानं सुपात दाणे टाकले, घोळवले, आणि सांगितलं, करणी पूर्वेकडून झालेली आहे. पूर्वेला हौसाबाईचं घर होतं. हौसाबाई आणि द्वारकाबाई लग्न होऊन आल्यापासून एका पाटावर पापड लाटत आल्या होत्या. त्या वर्षी पापड झाले नाहीत. सून होती तशीच राहिली.

दुसऱ्यांदा वैदू आणला. त्यानं काढा दिला. द्वारकाबाईनं आधी स्वतः चाखून बघितला आणि तिची जीभ जड झाली. आतापर्यंत सून गप्प होती, आता सासूही गप्प झाली. सून होती तशीच राहिली.

तिसऱ्यांदा सरपंचबाईचा नवरा न बोलावता आला. खुर्ची मागवून बसला. म्हणाला, "मन खंबीर ठेवायचं असतं, वहिनी. माझ्याकडं बघा. मला कधी काही वाटतं का?" हे खरं होतं. त्याला कधीच काही वाटलं नव्हतं आणि नगराची त्याच्याबद्दल तीच तक्रार होती. तो चहा पिऊन गेला. सून होती तशीच राहिली.

मग एक दिवस बाळांना डोस पाजत फिरणारी आशाताई दारात आली. तिचं नाव कुसुम. ती म्हणाली, "काकू, तालुक्याच्या वाटेवर तो दवाखाना आहे ना, तिथं मंगळवारी मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई येतात. उज्ज्वलाला न्या."

"वेड्यांच्या डॉक्टरकडं? माझी सून काय कपडे फाडती का?"

"फाडायला लागल्यावरच न्यायचं असतं का, काकू?"

द्वारकाबाईला राग आला. राग आला म्हणून ती आत गेली. आत चुलीवर दूध उतू गेलं होतं, आणि सून त्या दुधानं विझलेल्या राखेकडं बघत बसली होती. तिच्या पायावर उकळतं दूध सांडलं होतं, तरी पाय तिनं मागं घेतला नव्हता. द्वारकाबाईनं पायावर पाणी ओतलं. मग बाहेर येऊन कुसुमला हळूच म्हणाली, "मंगळवारी किती वाजता?"

इथं गाडीची हकिकत सांगितली पाहिजे, कारण ती विषयाशी संबंधित आहे.

त्या दवाखान्यात खोकला बरा होई, बाळंतपणं होत, साप चावल्याचं इंजेक्शनही मिळे. फाटकाशी लाल गाडीचा थांबा होता. पण मनाच्या डॉक्टरीणबाई मंगळवारी यायला लागल्या, आणि कंडक्टरला विनोद सुचला. तो दोरी ओढून ओरडायचा, "चला, येड्यांचा दवाखाना, कोण आहे?" कोण असणार? कुणी उठेना. खोकलेकरी पुढच्या थांब्यावर उतरू लागले. गरोदर बाया पुढच्या थांब्यावर उतरू लागल्या. एक साप चावलेला गडी पाय धरून पुढं गेला, पण तिथं उतरला नाही. मग आगारानं पाहणी केली, 'प्रवासी चढउतार निरंक' असा शेरा मारला, आणि थांबा रद्द झाला.

पुढचा थांबा निंबाईच्या माळाचा. तिथं कडुनिंब, पार, देऊळ आणि एक गुरव. देवळामागं बोरीची झुडपं, झुडपांमागं दवाखान्याची मागची भिंत, आणि भिंतीला भगदाड. ज्याला दवाखान्यात जायचं त्यानं देवीला उतरावं, हात जोडावेत, देवळामागं जावं, आणि दिसेनासं व्हावं. गुरवाला वाटे, लोक प्रदक्षिणा घालतायत. बरेच जण त्या प्रदक्षिणेतून बँडेज बांधून परत येत, पण तो भाविक माणूस होता.

सासू-सुना तशाच गेल्या. आत एक बाक होता. बाकावर चार माणसं बसली होती आणि चौघंही एकमेकांना दिसत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सासूला बाहेर थांबायला सांगितलं. द्वारकाबाईनं तो अपमान गिळला आणि लोटलेल्या दाराला कान लावला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग सुनेचा आवाज आला. तो येतच राहिला. शब्द कळत नव्हते. आपल्याबद्दलच असणार याची तिला खात्री होती. तरी तो आवाज ऐकून तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

मग तिला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज जेवणानंतर एक गोळी. गुण यायला वेळ लागेल. आणि बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत. मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन तशाच बंद करायच्या."

द्वारकाबाईनं समजून घेतलं. म्हणाली, "म्हणजे उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही."

डॉक्टरीणबाई शहरातल्या होत्या. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हो. साधारण तसंच."

मग दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई गिरणीत दळण घेऊन गेली. तिथं हौसाबाई बसली होती. करणीपासून दोघींचं बोलणं बंद होतं, चौकशी बंद नव्हती.

"काल कुठं गेलता गं सासू-सुना?"

"निंबाईला."

"कशाला?"

गिरणीतल्या सगळ्या बाया डबे घेऊन जवळ सरकल्या. द्वारकाबाईला डोळ्यांपुढं शुभांगी दिसली. घरात वेडाची गोळी येते हे कळलं तर पोरीला कोण करून घेणार? तिच्या तोंडून निघून गेलं, "वसा घेतलाय."

"कसला?"

"निंबाईच्या मंगळवारचा."

"आम्ही नाही कधी ऐकला."

"जुना आहे. मधी बंद पडलावता."

"काय करावं लागतं?"

"मंगळवारी माळावर जायचं. देवीच्या पाया पडायचं. मग पांढऱ्या वस्त्रातल्या बाईपुढं बसायचं आणि मनात असंल ते सगळं सांगायचं."

"कोण ही बाई?"

"असती एक. गळ्यात काळी माळ. माळेची दोन टोकं कानात."

"मग?"

"मग ती पांढरा प्रसाद देती. रोज जेवण झालं की एक दाणा, पाण्याबरोबर. चावायचा नाही."

"का?"

"कडू लागतो." मग तिनं हौसाबाईच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "आणि वसा घेतलेल्या बाईला, कुठं चाललीस, का चाललीस, असं कुणी विचारायचं नाही."

"आणि वसा टाकला तर?"

इथं द्वारकाबाई अडली. दंड नसलेला वसा म्हणजे शिक्का नसलेला दाखला, त्याला कोण मान देणार? तिनं विचार केला आणि कडक दंड ठेवला. "टाकला तर माळावर, देवीच्या पारावर उभं राहून, चारचौघींत आपल्या तोंडानं सांगायचं. तवाच तो परत घेता येतो."

"भारी कडक आहे गं."

"आहेच मुळी," द्वारकाबाई म्हणाली आणि समाधानानं पीठ घेऊन घरी आली. नियम करणाऱ्याला तो नियम आपल्याला लागेल असं कधी वाटत नाही. वाटलं असतं तर नियमच झाले नसते.

मग वसा चालू झाला. लगेच काही झालं नाही. मग एक दिवस सुनेनं केस विंचरले. मग एक दिवस दूध वर आलं आणि तिनं पातेलं उतरवलं. मग एक दिवस द्वारकाबाई शुभांगीला अंगणातून हाका मारत होती, तर आतून सून म्हणाली, "आत्याबाई, सगळं गाव गोळा करायचंय का? मग दवंडीच पिटा की, तेवढाच घसा वाचंल."

द्वारकाबाई देवघरात गेली. देवापुढं साखर ठेवली. बाहेर येऊन म्हणाली, "तोंड फार चालायला लागलंय." आणि पुन्हा आत जाऊन अजून थोडी साखर ठेवली.

नगरानं हे बघितलं. वाळलेली सून हिरवी झाली, घरातून पूर्वीसारखं भांडण ऐकू येऊ लागलं. बाया म्हणाल्या, वसा खरा आहे. मग दर मंगळवारी माळावर बाया उतरू लागल्या. गुरवानं देवळाला रंग दिला आणि 'जागृत देवस्थान' अशी पाटी लावली. आधी देवी झोपलेली होती का, असं त्याला कुणी विचारलं नाही. सून आता महिन्यातून एकदाच आणि एकटीच जाई. हौसाबाई तर एक मंगळवार चुकवेना. परत आली की द्वारकाबाईकडं बघून म्हणायची, "काय वसा आहे गं." द्वारकाबाई मान डोलवायची आणि मनात म्हणायची, कशी फसवली.

मग शुभांगीला स्थळ आलं. मुलगा शेजारच्या नगरात मास्तर होता. त्याची आई भागीरथीबाई, मान ताठ, बोलणं बेताचं. पोहे झाले, चहा झाला. भागीरथीबाईनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "घरात कुणाला कसलं दुखणं वगैरे?"

"छे," द्वारकाबाई म्हणाली. "आमच्याकडं सर्दीसुद्धा पाहुण्यांचीच असती. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं पाहुण्यांनाही होत नाही."

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. स्थळ ठरलं.

आणि मग द्वारकाबाई उतली. मातली. घेतला वसा टाकला. ती म्हणाली, "उज्ज्वला, आता तू बरी आहेस. लग्न होईस्तोवर गोळ्या राहू दे. मंगळवारीही जाऊ नकोस. विहीणबाई कधीही येतील जातील."

"डॉक्टरीणबाईंनी बंद करायच्या नाहीत म्हटलंय."

"डॉक्टरीणबाई माझ्या पोरीचं लग्न लावून देणार आहेत का?"

सुनेनं सासूकडं बघितलं. नणंदेकडं बघितलं. मग गोळ्यांचं पाकीट आणून सासूच्या हातात दिलं. द्वारकाबाईनं ते तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाला घातलं आणि वर डाळ पसरली.

मग काय झालं? लगेच काही झालं नाही. म्हणून द्वारकाबाईला वाटलं, आपलंच खरं. मग सुनेचे केस विंचरायचे राहिले. मग एक दिवस दूध उतू गेलं. द्वारकाबाई म्हणाली, लग्नघर आहे, लक्ष नसंल. पण तिला आतून भीती वाटली. तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. आमटीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. दिगंबरनं एक घास खाल्ला आणि ताटावरून उठला. शुभांगी ओरडली. सुनेनं निमूट भुरकली.

दुसऱ्या दिवशी आणखी मीठ टाकलं. सुनेनं निमूट भुरकली.

तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई स्वतःच म्हणाली, "कशी झालीये गं आमटी?"

"बरी आहे," सून म्हणाली.

ते 'बरी आहे' ऐकून द्वारकाबाई तडक उठली. तिनं डबा पालथा केला. डाळ घरभर झाली. पाकीट हातात घेऊन ती सुनेपुढं बसली. "उद्या मंगळवार आहे. चल. गुपचूप जाऊन येऊ."

सून पाकिटाकडं बघत बोलली. "गुपचूप नेलंत, आत्याबाई. गुपचूप बंद केलंत. आता गुपचूप नको. मला तेवढं अंगात नाही राहिलं."

"मग कसं?"

"टाकलेला वसा परत कसा घ्यायचा असतो ते तुम्हीच सांगितलं होतंत."

सुनेचं त्या दिवसाचं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर ती भिंतीकडं तोंड करून पडली, आणि द्वारकाबाई सांडलेली डाळ वेचत बसली. पारावर उभं राहून सांगायचं म्हणजे शुभांगीचं लग्न मोडणार. न सांगावं तर ही अशीच पडून राहणार. डाळ वेचून झाली, तरी ती हात जमिनीवरून फिरवतच होती. मग उठली आणि म्हणाली, "उद्या सकाळची गाडी."

मग मंगळवार उजाडला. माळावर नगरातल्या बाया जमल्या होत्या. द्वारकाबाईनं सुनेला निंबाखाली बसवलं, देवीच्या पाया पडली, आणि पारावर चढली. सगळ्या तिच्याकडं वळल्या. गुरवही घंटा पुसायचा थांबला.

"मी वसा टाकलाय," द्वारकाबाई म्हणाली. "सुनेचा. माझ्या हातानं." मग पुढचं येईना. तिनं पदर कमरेला खोचला, जसा ती भांडताना खोचत असे, तेव्हा आलं. "आणि वसा नव्हताच तो. मी खोटं बोलले. दवाखाना होता. ह्या देवळामागं. पांढऱ्या वस्त्रातली बाई म्हणजे मनाची डॉक्टरीण, आणि प्रसाद म्हणजे गोळी. माझी सून वेडी नाही. तिच्या मनाला आजार झाला होता, औषधानं ती बरी होत होती, आणि मी लाजंपायी औषध बंद केलं. ती पुन्हा पडली. ह्यात तिची चूक नाही. हौसे, करणी पण तू केली नव्हतीस."

बायांनी एकमेकींकडं बघितलं.

मग हौसाबाई म्हणाली, "झालं सांगून?"

"झालं."

"मग उतर खाली. आम्हाला उशीर व्हायला लागलाय. नंबर लागत्यात तिथं."

द्वारकाबाई पारावरच राहिली. "तुला माहीत होतं?"

"देवी काय पाकिटातनं प्रसाद देती का, द्वारके? मागं तारीख छापलेली असती, अमुक महिन्यानंतर घेऊ नये म्हणून. कुठल्या देवीचा प्रसाद शिळा होतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"तूच सांगितलंवतंस, वसा घेतलेलीला कुणी विचारायचं नाही. आम्ही नियमानं वागलो." हौसाबाईनं पिशवी काखेला मारली. "मला छातीत धडधडायचं. डोळ्याला डोळा लागायचा नाही. तुझ्या देवऋषानं करणी माझ्या दारात टाकली तवापासनं. आता लागतो डोळा. चल, पोरीला उठव."

दोघींनी उज्ज्वलाला दोन्ही बाजूंनी धरलं. मग सगळ्या बाया एकामागून एक बोरीतून भगदाडाकडं गेल्या. गुरवानं पहिल्यांदाच देवळामागं जाऊन बघितलं.

आत तोच बाक होता. बाकाच्या टोकाला एक बाई तोंडावर पदर ओढून बसली होती. मान ताठ होती. मानेवरून द्वारकाबाईनं ओळखलं.

"विहीणबाई? तुम्ही इथं?"

पदर जरासा सरकला. भागीरथीबाई म्हणाली, "देवीला आले होते."

"देवी पलीकडं आहे."

"वाट चुकले."

"मागच्या मंगळवारीही चुकल्या होत्या," हौसाबाई म्हणाली. "ह्याच बाकावर."

भागीरथीबाईनं पदर खाली घेतला. ताठ मान जरा खाली आली. "तुम्ही कशा?"

"मीही देवीलाच," असं द्वारकाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण आताच पारावर एवढं सगळं सांगून आल्यावर ते शोभलं नसतं. ती म्हणाली, "सुनेला आणलंय. तुमच्यात कुणाला?"

"मलाच. मास्तरचे वडील गेल्यापासून. कुणाला माहीत नाही. मास्तरला वाटतं, मी भजनाला जाते."

दोघी पुढं बघत बसल्या. मग दोघींनी एकदमच विचारलं, "मोडणार तर नाही ना?" आणि दोघींनी एकदमच सांगितलं, "छे."

अशी बोलणी पक्की झाली. साक्षीला हौसाबाई होती, आणि तिच्याकडून ते संध्याकाळपर्यंत दोन्ही नगरांना कळलं.

मग नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी उज्ज्वलाला बघितलं, पाकीट बघितलं. "गोळ्या बंद का केल्या?"

"मी केल्या," द्वारकाबाई म्हणाली. "उतले मी. मातले."

डॉक्टरीणबाईंना आता ती भाषा येऊ लागली होती. त्यांनी द्वारकाबाईला तिच्याच भाषेत चांगलं खडसावलं. ह्या खेपेला तिला तो अपमान वाटला नाही.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. लगेच काही झालं नाही, आणि ह्या खेपेला जास्तच वेळ लागला. शुभांगीचं लग्न झालं. उज्ज्वला लग्नात एका कोपऱ्यात बसून होती. लोकांनी विचारलं, काय झालंय? द्वारकाबाईनं सांगितलं, मनाचं दुखणं आहे, औषध चालू आहे, लाडू घ्या. लोकांनी लाडू घेतले. काही जण पुढं गेले. दोघी-तिघी परत आल्या आणि हळूच विचारलं, मंगळवारीच असतं का ते?

मग केस विंचरले गेले. मग दूध वेळेवर उतरलं. द्वारकाबाई मात्र रोजच्या आमटीत चिमूटभर मीठ जास्त टाकून वाट बघत राहिली. दिगंबर बाहेरूनच जेवून येऊ लागला. आणि मग एका दुपारी सुनेनं एक भुरका घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आत्याबाई, आमटीत मीठ घातलंय, का मिठात आमटी घातलीये?"

द्वारकाबाई देवघरात गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. आली तेव्हा साखरेचा डबा रिकामा होता. म्हणाली, "एवढं येतंय तर उद्यापासनं तूच कर आमटी."

"करीन की. निदान घरातली माणसं घरात जेवतील."

दिवेलागणीपर्यंत भांडण चाललं. हौसाबाई पूर्वेकडच्या कुंपणाशी येऊन ऐकत उभी राहिली. त्या वर्षी पापड झाले.

आता मूळ विषयाकडं. दवाखान्यानं डागडुजी काढली आणि मागच्या भिंतीचं भगदाड बुजवलं. बायांना आता माळावर उतरून हमरस्त्यानं उलटं चालत फाटकापर्यंत यावं लागतं, भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. पहिल्या मंगळवारी पदर तोंडावर होते. पुढं ऊन वाढलं, तसे पदर डोक्यावर गेले. मग द्वारकाबाई म्हणाली, चालायला लाज नाही, पण गुडघे दुखतात, आपण अर्ज करू.

सरपंचबाईचा नवरा मदतीला आला. म्हणाला, "कारण काय लिहू? 'अपरिहार्य कारणास्तव' बरं दिसेल."

"मनाच्या आजाराचं औषध आणायला, असं लिहा," द्वारकाबाई म्हणाली. "कशाला उतरायचं तेच सांगितलं नाही तर थांबा कोण देणार?"

त्यानं तसं लिहिलं. पहिली सही द्वारकाबाईनं केली, दुसरी उज्ज्वलानं, तिसरी हौसाबाईनं. मग बाकीच्यांनी. शेजारच्या नगराहून भागीरथीबाईनं स्वतंत्र पाठिंबा दिला, त्यावर मास्तरनं शुद्धलेखन तपासून सही केली.

आगारानं कळवलं की, सदर ठिकाणी पाहणी केली असता कोणीही प्रवासी उतरत नसल्याचे आढळून आले. बायांनी कळवलं की, गाडी थांबत नाही म्हणून उतरत नाही. आगारानं कळवलं की, मुद्दा विचाराधीन आहे. गुरवानं हरकत नोंदवली की, थांबा हलल्यास देवस्थानाचं नुकसान होईल. त्यावर बायांनी लिहून दिलं की, आधी देवीला येऊ, मग दवाखान्यात जाऊ, थांबे दोन्ही असू द्यावेत. तोही कागद जोडला.

कंडक्टर आता फाटकाशी गाडी हळू करायला लावतो आणि नुसतं "दवाखाना" म्हणतो. आधीचा शब्द त्यानं सोडला आहे. हौसाबाईनं त्याला भर गाडीत विचारलं होतं, "तुझा नंबर कितवा लावू रे, बाळा?" गाडी मात्र थांबवता येत नाही, कारण तिथं थांबा नाही.

निंबाई जशी उज्ज्वलाला पावली, डॉक्टरीणबाईंच्या हातून, गोळीच्या रूपानं, वेळ लावून पण पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. ज्या घरी दूध उतू जातंय त्या घरी बघणारं कुणी असो. ज्या सासूला सून उलट बोलत नाही, तिला ती बोलती होवो. उतू नका, मातू नका, डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय घेतला वसा टाकू नका. अक्षता देवीला वाहा. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सुफळ झाली आहे. संपूर्ण व्हायची आहे. अर्ज आगाराकडं प्रलंबित आहे.